अडीच फूट

मुबारक शिकलगार सायकल उलटी करतो,
सीट आणि हँडलवर उभी,
आणि चाकाच्या तारा एकेक करून छेडतो.
मिरजेत त्याचं सतारींचं दुकान.
माळ्यावर भोपळे, खिळ्याला तरफांची वेटोळी.
"ही ढिली," म्हणतो. "ही चढलीय."
मी भूगोलाची मास्तरीण,
मला सगळ्या सारख्याच ऐकू येतात.
चावी अर्धा आटा फिरते
आणि आम्ही निघतो.

ही जुन्या छोट्या गाडीची वाट.
रूळ उपटून नेले. स्लीपर गेले
कुणाच्या गोठ्याला, कुणाच्या उंबऱ्याला.
उरला नुसता भराव, अडीच फुटांच्या रुळांपुरता,
दोन्हीकडून बाभळी, मधे मुरमाची पट्टी,
तिच्यावरून शेळ्या जातात, दुधाच्या किटल्या जातात,
आणि रविवारी आम्ही दोघं.

आगगाडीला चढ सोसत नसे,
म्हणून ही वाट टेकडीशी भांडत नाही.
लांबून वळसा घेते, थोडं थोडं उचलते,
आणि कळतही नाही
गावाची पाण्याची टाकी केव्हा
डोळ्यांच्या रेषेत आली.

पुढे खिंड.
सुरुंगाची भोकं अजून तशीच,
उभी, अर्ध्या नळीसारखी.
फळ्यावर मी खडूनं काढते तो खडक
इथे खराच काळा आहे:
थर, त्यावर थर,
आणि मधे वीतभर विटकरी पट्टा.
"गेरू?"
मी सांगते, एक लाव्हा आला, निवला.
मग बराच काळ काहीच झालं नाही.
ऊन, पाऊस, माती.
मग दुसरा आला आणि ती माती भाजली.
"बराच म्हणजे किती?"
हजारो वर्षं. काहीच न होण्याची.
तो पट्ट्यावर बोट फिरवतो, तांबडं झालेलं बोट
शर्टाला न पुसता तसंच धरून ठेवतो.

खिंडीच्या तोंडाशीच काटा.
मागचं चाक. फुस्स.

उतरून ढकलत जातो बेदाण्याच्या शेडपर्यंत.
हिरव्या जाळीखाली मजल्यांवर मजले,
द्राक्षं अजून द्राक्षंच, जरा सुरकुतलेली.
रात्री गंधकाची धुरी दिलेली,
नाकात झणका बसतो आणि मला वाटतं,
खिंडीतला तो दगड
निवताना असाच वासला असणार.
शालन एडके घमेल्यात पाणी आणून देते,
ट्यूब बुडवतो, बुडबुडे मोजतो.
ती उकिडवी बसून बघते.
"पलूसकडं ह्याची दारू करत्यात म्हणं.
कशी लागती वो बाई?"
मला माहीत नाही. मुबारकला तर नाहीच.
ती हातातला घड उलटा करते.
"बावीस वरसं मणी विरळतीय," म्हणते,
"आनि चव कुनालाच म्हाईत न्हाई बगा."
मग ओंजळभर काळपट बेदाणे देते.
"व्यापारी घेत न्हाई ह्यो. जळका.
पन ग्वाड ह्योच."

शेडच्या लोखंडी खांबाला
हातभर रूळ टांगलेला, तारेनं.
मुबारकला राहवत नाही.
स्पोकची चावी काढतो आणि एकदाच,
हलकेच.
रूळ वाजतो, वाजत राहतो.
तो डोळे मिटतो.
"काळी दोन. जरा उतरलेली."
डोळे उघडतो तर
जाळीआडून वीस-पंचवीस बायका बाहेर येतायत,
पदराला हात पुसत, डबे सोडत.
तो रूळ म्हणजे जेवणाची घंटा.
आणि घड्याळात साडेदहा.

मुबारक शालनकडे बघतो, शालन रस्त्याकडे.
मुकादमाची मोटरसायकल दिसत नाही.
"आता वाजलीच म्हनायची," ती म्हणते
आणि भाकरी मोडते.
आम्हालाही चतकोर येतो, वर खर्डा.

ट्यूबला सोल्यूशन लावून मुबारकनं ती
लिंबाच्या फांदीला अडकवलेली.
ते वाळेपर्यंत
काहीच झालं नाही.